चौदाव्या पाठातली तहान

सोनगीरच्या टोलनाक्यावर कंपनीची बस उभी होती तेव्हा कानातली बाई म्हणाली, ‘एगारी नाइस’, आणि नेहमीप्रमाणे थांबली. ती प्रत्येक वाक्यानंतर थांबते, मोजून चार सेकंद. तेवढ्यात शिकणाऱ्यानं ते वाक्य आपल्या तोंडानं म्हणायचं, मग ती पुन्हा म्हणून दाखवते, म्हणजे कुठं चुकलं ते आपलं आपल्याला कळतं. तेरा पाठ मी इमानेइतबारे ओठ हलवत काढले होते. या वेळी ओठ हलले नाहीत. चार सेकंद रिकामे गेले, तिनं तेच पुन्हा म्हटलं, आणि मग तो दुसरा माणूस, जो इंग्रजीतून अर्थ सांगतो, बाजारभाव सांगावा तशा आवाजात म्हणाला, ‘आय अ‍ॅम थर्स्टी.’ मला तहान लागली आहे. बस हलली. शेजारी पॅकिंगमधला भूषण मांडीवर डबा घेऊन डुलक्या घेत होता, खिडकीबाहेर एक बाई टोपलीतल्या काकड्यांवर पाणी शिंपडत होती, आणि माझ्या पाठीवरून घामाची एक धार सरळ पट्ट्यापर्यंत गेली. मी फोन बंद केला. बंद केल्यावर ते शब्द जास्तच मोठ्यानं ऐकू येऊ लागले, आणि आता ते त्या बाईच्या आवाजात नव्हते.

धुळे जिल्ह्यात बास्क भाषा शिकणारा मी एकटाच असणार, यावर पैज लावायला तयार आहे. मी प्रशील आधार बैसाणे, वय एक्केचाळीस, राहणार देवपूर, नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. आमच्याकडची पोरं जर्मन शिकतात, जपानी शिकतात, त्यातून कुठं तरी नोकरी लागते. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरात थोडे लोक जी बोलतात ती भाषा शिकून काय लागतं, असं शिल्पानं विचारलं होतं तेव्हा मी म्हणालो, डोक्याला व्यायाम. शिल्पा माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे, डोक्याच्या व्यायामावर तिचा विश्वास नाही. त्या भाषेत हो म्हणायचं तर ‘बाई’ म्हणतात. पहिल्याच पाठात ती मास्तरीण हे घोकून घेते, आणि मी आंघोळीला जाताना, भाजी निवडताना बाई बाई करू लागलो तेव्हा शिल्पानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मी तिच्या कानात इयरफोन घातला. तिनं अख्खा पाठ ऐकला, इयरफोन परत दिला आणि म्हणाली की यापेक्षा खरीच बाई असती तर निदान समजून घेता आलं असतं. आई मात्र घाबरली. आई म्हणजे रुक्माबाई, पंच्याहत्तरीची, कान अजून तिखट. गच्चीवर मला एकट्याला पुटपुटत येरझारा घालताना तिनं पाहिलं आणि विचारलं, “कोनासंगे बोली राहिना रे भाऊ?” कोणाशी नाही, पाठ करतोय, मी म्हणालो. तिनं मान हलवली, पण तेव्हापासून मी गच्चीवर गेलो की ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसते.

कोणाशी बोलत होतो ते मला माहीत होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे ग्राइंडिंगचं नवं यंत्र आलं, अकरा खोक्यांत, आणि ते उभं करायला त्यांच्या कंपनीनं जोसेबा साहेबांना पाठवलं. अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, वाकताना गुडघे कटकट वाजायचे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं लगेच जमलं. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांशी आम्ही दोघंही जरा जपूनच बोलायचो. मोठ्या यंत्राचे बोल्ट एका दमात आवळायचे नसतात, समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे, पाळीपाळीनं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मी, आणि ते मोजायचे: बात, बी, इरू, लाऊ, बोस्त. आठवड्याभरात मीही मोजू लागलो. हे स्पॅनिश का, असं एकदा विचारलं तर त्यांनी पाना खाली ठेवला. “नो स्पॅनिश,” म्हणाले, छातीवर हात ठेवून “एउस्कारा” म्हणाले, आणि मग जरा विचार करून, “मदर.” त्यांच्या आईची भाषा. मला ते एकदम पटलं. ऑफिसात मी जी मराठी बोलतो ती काही माझ्या आईची नाही, आणि आईची अहिराणी मी गेटच्या आत कधी नेत नाही. तीन महिने आम्ही शेजारी शेजारी काम केलं, आणि त्या तीन महिन्यांत मी त्यांच्या भाषेत फक्त मोजायला शिकलो.

पाण्याचा नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितला गेला होता. हितेंद्र सर आमचे प्लॅन्ट मॅनेजर. त्यांच्या आधीच्या कारखान्यात म्हणे कोणी परदेशी पाहुणा बोअरचं पाणी पिऊन आठवडाभर आडवा झाला होता, आणि ते सगळं सरांच्या अंगावर शेकलं होतं. म्हणून साहेबांसाठी सीलबंद बाटल्यांची खोकी आली, ऑफिसच्या फ्रिजमध्ये कुलपात राहू लागली, आणि सर आम्हा फिटर लोकांना ओळीत उभं करून म्हणाले, “काही झालं तरी तुमचं पाणी त्यांना पाजायचं नाही.” सरांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ते स्वतः आमच्याच कूलरचं पाणी पितात. पण ‘तुमचं पाणी’ हे दोन शब्द माझ्या आत जिथं जाऊन पडले ती जागा त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. माझे वडील, आबा, शिंदखेड्याकडच्या एका गावात वाढले. लहानपणी दुसऱ्याच्या शेतावर काम करताना त्यांना ओंजळ धरावी लागायची आणि वरून, हात लागणार नाही इतक्या वरून, पाणी सोडलं जायचं. निम्मं कोपरावरून खाली वाहून जायचं. पुढं ते एसटीत मेकॅनिक झाले, धुळ्यात घर बांधलं, आणि त्या घराला त्यांनी एकच नियम लावला: आधी पाणी, मग नाव. दारात कोणीही येवो, टपालवाला, मीटर बघणारा, पत्ता चुकून आलेला, त्याला बसवायचं, घासलेल्या तांब्याभांड्यातून पाणी द्यायचं आणि मगच कोण, कुठले ते विचारायचं. नाव आधी कळलं की हात आखडतो, असं आबा म्हणायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. चोर शिरला तर त्यालाही आबा आधी पाणी देतील आणि मग आरडाओरडा करतील, असं माझी बहीण म्हणायची. आबांना जाऊन सहा वर्षं झाली, नियम अजून चालू आहे. त्या घरात वाढलेला मी.

अकरा मे. दुपारी तीनचा सुमार. पत्र्याची शेड, बाहेर पंचेचाळीस, आत किती ते कोणी मोजलं नाही. साहेब यंत्राची लेव्हल बघत होते आणि त्यासाठी मोठे पंखे त्यांनीच बंद करायला लावले होते, कारण हवेच्या झोतानं माप हलतं. बाकीचे चहाला गेले होते, मी त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांचा चेहरा लाल झाला होता पण घाम नव्हता, हे मला नंतर आठवलं. ते यंत्राला पाठ लावून हळूच खाली बसले, पाय पसरून, आणि म्हणाले, “एगारी नाइस.” मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. माझी बाटली ट्रॉलीच्या दांडीला लटकत होती, दोन लिटरची. तिला शिल्पानं जुन्या चादरीचं कव्हर शिवलंय, सकाळी ते भिजवलं की पाणी दुपारपर्यंत गार राहतं. साहेब त्या ओल्या कव्हरकडे बघत होते. मी बाटली काढली. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं: माझा हात गेला होता, बाटली दांडीवरून निघाली होती, ती माझ्या हातात होती. आणि मग मी ती परत लटकवली. “वेट सर, मिनरल,” म्हणालो आणि ऑफिसकडे धावलो. फ्रिजची किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर गेटवर. मी धावत होतो, खरोखर जिवाच्या आकांतानं धावत होतो, आणि धावताना आपण फार चांगलं काम करतोय असंच मला वाटत होतं. सीलबंद बाटली घेऊन परतलो तेव्हा साहेबांची मान कलली होती. संध्याकाळी धुळ्यात, शिल्पाच्याच दवाखान्यात, ते वारले.

चौकशी झाली. हितेंद्र सरांनी माझा जबाब कंपनीच्या कागदावर उतरवून घेतला: साहेब अचानक कोसळले, मी पाण्यासाठी ऑफिसकडे धावलो, परत येईपर्यंत ते बेशुद्ध होते. ते काही बोलले का, असाही एक प्रश्न होता. काही कळेल असं बोलले नाहीत, मी म्हणालो. सरांनी ‘काही बोलले नाहीत’ असं लिहिलं आणि मी सही केली. जवळ पाणी होतं का, हे कोणी विचारलं नाही. जुलैत मी फोनवर ते ऐकायचे पाठ शोधून काढले. साहेबांची आठवण म्हणून, त्यांनी शिकवलेल्या मोजणीच्या थोडं पुढं जावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण दहाव्या पाठाच्या पुढं मी जातच नव्हतो. एक ते दहा, परत एक ते दहा, सहा महिने. घर, दार, आई, भाऊ, दिवस, पाऊस. मग कधीतरी धीर करून अकरा, बारा, तेरा. नवा पाठ लावताना बोट बटणावर अडायचं, कारण कुठल्याही वाक्यानंतर साहेबांचे ते दोन शब्द पुढ्यात येऊन उभे राहिले असते. आणि ते न येता पाठ संपला की मी सुटल्यासारखा श्वास सोडायचो. शोधतही होतो आणि लपतही होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा हा खेळ सोनगीरच्या टोलनाक्यावर, सकाळी पावणेआठला संपला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी शिल्पाला विचारलं, सहज विचारावं तसं, की ऊन लागून माणूस कोसळत असेल आणि पाणी मागत असेल तर पाजावं की नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. शुद्ध हरपत चाललेल्याला तोंडानं पाणी देत नाहीत, ती म्हणाली, ठसका लागतो, छातीत जातं. सावलीत न्यायचं, अंग ओलं करायचं, सलाईन लावायचं. मग ओटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमच्या साहेबांचा ताप एकशेसातवर होता. पाजलं असतं तरी काही फरक पडला नसता.” म्हणजे तिला माहीत होतं. किती माहीत होतं ते मी विचारलं नाही. तिचं म्हणणं मला पटलं, शंभर टक्के पटलं, आणि त्यानं तसूभरही बरं वाटलं नाही. साहेब वाचले नसते. पण ते तहानलेले गेले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरीवर कुठल्याही दवाखान्यात इलाज नाही. आई खाली बसून कांद्याची पात निवडत होती. कोण, कुठला, तिला काही ठाऊक नव्हतं. “तिस लागेल माणूसले पानी काय इचारीसन देतस का रे?” ती म्हणाली. तहानलेल्या माणसाला पाणी काय विचारून देतात का. मी उठून गच्चीवर गेलो. थोड्या वेळानं ती जिन्यावर येऊन बसली.

आठवड्यानं हितेंद्र सरांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांची पत्नी येणार होती, वर्ष पूर्ण होतंय म्हणून. आपल्याकडे वर्षश्राद्ध असतं तसंच काहीतरी त्यांच्यात असेल, सर म्हणाले. साहेब जिथं पडले ती जागा तिला बघायची होती. मुंबईहून छोट्या विमानानं जळगावला उतरेल, तिथून गाडीनं धुळ्याला हॉटेलात, दुसऱ्या दिवशी कारखान्यात. मी ती भाषा शिकतोय हे भूषणनं केव्हाच सगळीकडे केलं होतं, तेव्हा गाडी घेऊन आणायला मीच जावं असं सरांनी ठरवून टाकलं. दाराशी पोहोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. “प्रशील, जे लिहून दिलंय तेच. बाईंनी काही विचारलं तर एक अक्षर इकडचं तिकडे नको. प्रकरण अजून मिटलेलं नाही.” आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती, आणि धमकीपेक्षा तीच मला जड गेली. माझ्या एकट्याच्या नोकरीवर घर चालतं असं नाही, शिल्पाचाही पगार आहे. पण मेंटेनन्सच्या माणसाचं नाव एकदा खराब झालं की नरडाण्यातल्या कुठल्याच गेटवर त्याला आत घेत नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी वाक्यं बनवत होतो. ते तहानलेले होते. माझ्याकडे पाणी होतं. मी दिलं नाही. एवढीच तीन, पण बास्कमध्ये. पुढचे पाठ उलटसुलट ऐकून, एकेक शब्द वेचून मी ती वहीत देवनागरीत लिहून काढली: एगारी सेन. निक उरा नेउकान. एस नियोन एमान. बसमध्ये म्हणायचो, शेडमध्ये यंत्राच्या आवाजाखाली म्हणायचो. गंमत अशी की त्या भाषेत ती म्हणताना लाज वाटायची नाही. ‘मी दिलं नाही’ एवढं मराठीत मनातल्या मनातही पुरं म्हणता यायचं नाही, आणि बास्कमध्ये मात्र शंभरदा म्हणता यायचं, पाढे म्हणावेत तसं. मला वाटायचं, ती बाई आपल्या नवऱ्याच्या आईच्या भाषेत हे ऐकेल, आणि मी वर्षभर काय केलं ते तिला माझ्या उच्चारांतच दिसेल, मग मला आणखी काही बोलावं लागणार नाही. कधी उलटही वाटायचं, की न बोललेलंच बरं, झालं गेलं गंगेला मिळालं, त्या बिचारीला नवं दुःख कशाला. हा विचार आला की फार हलकं वाटायचं, आणि इतकं हलकं वाटतंय म्हणूनच मी त्या विचाराला भ्यायला लागलो. माझ्या बाटलीतलं पाणी संध्याकाळी तसंच घरी येऊ लागलं, आणि शिल्पा ते काही न बोलता कुंड्यांना घालायची.

जळगावच्या विमानतळाबाहेर मी कंपनीच्या नावाचा फलक धरून उभा होतो. गाडीत पुढच्या सीटवर सरांनी दिलेलं सीलबंद बाटल्यांचं खोकं, आणि माझ्या सीटच्या पाठीमागं सवयीनं लटकवलेली माझी बाटली. उतरलेल्या माणसांत त्या लगेच ओळखू आल्या: साठीच्या आसपास, आखूड पांढरे केस, पायात चालायचे जाड बूट, हातात एकच छोटी बॅग. नाव मार्ता, ते सरांच्या कागदावर होतं. फलक बघून त्या सरळ माझ्याकडे आल्या. पहिल्या पाठातला नमस्कार आणि आपलं नाव सांगणं मी हजारदा घोटलेलं होतं. “एगुन ओन,” एवढंच निघालं; नाव घशातच राहिलं. त्या थबकल्या. मग थकल्यासारखं हसल्या आणि इंग्रजीत शब्द जुळवत म्हणाल्या की ही भाषा त्यांना येत नाही. त्या दक्षिणेकडच्या, घरात दोघं स्पॅनिशच बोलायचे. ती भाषा जोसेबा त्याच्या आईशी बोलायचा, त्या म्हणाल्या, आणि आई गेल्यावर यंत्रांशी. एवढं बोलून त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांनी मला ड्रायव्हर समजलं होतं.

पाळधी गेलं, एरंडोल जवळ आलं. माझी तीन वाक्यं जिभेवर तशीच होती आणि आता ती ज्यांच्यासाठी होती त्यांनाच कळणार नव्हती. दहा महिने घोकलेला धडा घेऊन परीक्षेला जावं आणि पेपर भलत्याच विषयाचा निघावा तशी माझी गत झाली. रडावं की हसावं कळेना, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, खरं सांगायचं तर, सुटका होती. आरशात मार्ताबाई दिसत होत्या. नांगरून पडलेल्या रानांकडे बघत होत्या, मधूनच केळीची एखादी हिरवी बाग गेली की तिच्याकडे वळून बघत होत्या. एरंडोल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, की त्यांचा नवरा पडला तेव्हा जवळ जो माणूस होता, तो अजून कारखान्यात आहे का, उद्या भेटेल का. जोसेबा काहीच बोलला नाही असं कंपनीनं कळवलं होतं. त्यांना ते खरं वाटत नव्हतं. तो तर झोपेतही बोलायचा, त्या म्हणाल्या. मी समोर रस्त्याकडे बघत होतो. मी ड्रायव्हर होतो. ड्रायव्हरला काय माहीत असणार? ‘नो आयडिया, मॅडम’ एवढं म्हटलं की संपलं, उद्या मी आजारी पडू शकत होतो, परवा त्या परत जाणार होत्या. चार सेकंद गेले असतील. मास्तरणीनं एव्हाना पुन्हा म्हणून दाखवलं असतं. मार्ताबाई नुसत्या वाट बघत राहिल्या.

मी गाडी रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली घेतली, बंद केली आणि मागं वळलो. बास्क गेलं होतं, मराठीचा उपयोग नव्हता, उरलं होतं ते मोडकं इंग्रजी, मी आणि साहेब बोलायचो तेच. आणि वर्षभर मी कशाच्या आड उभा होतो ते मला तेव्हा दिसलं. भाषा कळली नाही म्हणून पाणी दिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. जणू चौदावा पाठ आधी ऐकला असता तर दिलं असतं. पण माझा हात बाटलीकडे गेला होता. कळल्याशिवाय हात जात नाही. साहेब काय मागताहेत ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि तरी माझं पाणी त्यांना चालेल का, असं मी माझ्या मनाला विचारत बसलो. सरांनी सांगितलं नसतं तरी कदाचित विचारलंच असतं. आबांनी जो प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर काढला होता तो मी रोज डब्याबरोबर कामावर नेत होतो.

“आय अ‍ॅम दॅट मॅन,” मी म्हणालो. “सर थर्स्टी. माय वॉटर देअर. आय टेक इन हँड. आय नॉट गिव्ह.”

मी जमेल तसं पुढं सांगत गेलो, सीलबंद बाटली, किल्ली, गेट, धावणं. जबाबाचं आणि सहीचंही सांगितलं. हे उद्या हितेंद्र सरांच्या कानावर जाणार हे मला बोलतानाच दिसत होतं, मी घाबरलो होतो, आणि तरी थांबता येत नव्हतं. पाजलं असतं तरी ते वाचले नसते, हे शिल्पाचं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढं मी गिळलं. मार्ताबाईंचा चेहरा कठीण झाला. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पलीकडे उभ्या ट्रकच्या सावलीत झोपलेल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता गाडी चालू करा म्हणतील आणि धुळ्यापर्यंत एक शब्द बोलणार नाहीत. मग मान न वळवताच त्यांनी विचारलं, तो कसं म्हणाला, त्याचे शब्द काय होते.

“एगारी नाइस,” मी म्हणालो. मास्तरणीसारखं नाही, साहेब म्हणाले होते तसं, शेवट जरा ओढून. आणि थांबलो. मुद्दाम नाही, सवयच तशी लागली होती. त्या थांबण्यात मार्ताबाईंनी ते म्हणून पाहिलं आणि चुकलं. मी परत म्हटलं. त्यांनी परत म्हटलं. बात, बी, इरू, लाऊ, बोस्त. पाचव्या खेपेला ते बरोबर आलं, अगदी बरोबर, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी समोर काचेकडे वळलो आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत तसाच बसलो.

एसी बंद होता, गाडीची भट्टी झाली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी पाणी मागितलं. माझा हात खोक्याकडे गेला. एवढं सगळं बोलून झाल्यावरही तो सीलबंद बाटलीकडेच गेला, ते मी पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं. त्यांनी मान हलवली. माझ्या सीटच्या पाठीमागं, अगदी त्यांच्या गुडघ्यांपुढं, ते भिजवलेलं कव्हर लटकत होतं. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, पण स्वतः हात लावला नाही. मी खाली उतरलो, मागचं दार उघडलं, बाटली काढली, झाकण फिरवलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरली. त्या प्यायल्या. घाईघाईनं, लहान मुलासारख्या. थोडं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. निम्मी बाटली संपवून त्यांनी मनगटानं तोंड पुसलं, बाटली मला परत दिली आणि मी काय करतो ते बघत राहिल्या. मीही प्यायलो. पाणी अजून गार होतं.

मग त्यांनी माझं नाव विचारलं.

“प्रशील,” मी म्हणालो, आणि थांबलो.